दहावी खुंटी

मित्रांनो, तीनदा अंतराळात जाऊन आलेली आणि आता जर्मनीतल्या ब्रेमेनच्या एका संग्रहालयात दोरीच्या कुंपणाआड उभी असलेली म्हातारी प्रयोगशाळा मी. घडवणाऱ्यांनी सांगितलं होतं, पन्नास वेळा जायचंस, परत यायचंस आणि पुन्हा जायचंस. माणसं बोलतात असं.

नऊ देश एका टेबलाभोवती बसले आणि त्यांनी माझे तुकडे वाटून घेतले. कवच इटलीतल्या तुरिनचं, तारा एका देशाच्या, खिडकी दुसऱ्याची, आणि सगळं जोडायचं ते ब्रेमेनच्या शेडमध्ये. एका लहान देशाच्या वाट्याला काम कमी आलं म्हणून तो दोन महिने रुसून बसला. मग त्याला माझ्या आतले धरायचे दांडे दिले. ते आजही सर्वांत मजबूत आहेत.

माझ्या दाराशेजारी एक फळा होता. त्यावर नऊ खुंट्या, प्रत्येकीच्या वर एक झेंडा. आत शिरताना आपल्या देशाच्या खुंटीला बिल्ला अडकवायचा, बाहेर पडताना काढून घ्यायचा. हे का, तर ब्रेमेनची हवा कायम दमट. मला गंज चढू नये म्हणून काम संपलं की दार बंद करून माझ्यात कोरडा नायट्रोजन भरत. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्यात माणूस जगत नाही. म्हणून आधी फळा बघायचा. फळा रिकामा, तर मी रिकामी.

हा नियम शेडप्रमुख हिनरिश ओस्टरलो यांचा. ते सकाळी एकदा नमस्कारादाखल "मोइन" म्हणत आणि ते दिवसभर पुरत असे.

मला आतून पुसणारी बाई होती नाझिफे. मूळची तुर्कस्तानातल्या सिवासची. तुर्कस्तान काही त्या टेबलावर बसलेला नव्हता.

"हेर ओस्टरलो, माझी खुंटी कुठंय?" ती विचारायची.

"तुझा देश प्रकल्पात आला की ठोकतो." ओस्टरलो शेडमध्ये सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत, तिला तेवढं 'तू'.

"मग अंकाराला कळवू का? म्हणावं, इकडं एका खुंटीवाचून अडलंय."

तुरिनहून आलेला जोडारी एत्सिओ हसायचा. "सिन्योरा, माझ्या खुंटीला लावा. इटलीत जागा आहे."

"इटलीच्या खुंटीला इटालियनच," ओस्टरलो म्हणायचे.

"आणि मी आत आहे हे कळणार कसं तुम्हाला?"

"गातेस ना! अर्ध्या ब्रेमेनला कळतं."

ते मात्र खरं. तिच्या गावाकडचं, मुलीला सासरी धाडतानाचं एक गाणं होतं. ती माझ्या पोटात बसून ते म्हणायची आणि तुरिनचा पत्रा घुमायचा. पुढे उड्डाणाचा गडगडाटही मी ऐकला. तो विसरले.

मग नऊ देशांचे पाहुणे यायचा दिवस उजाडला. त्यांना माझं दार बंद करून नायट्रोजन भरून दाखवायचा होता. दार लावायच्या तासभर आधी ओस्टरलोंनी नाझिफेला एक शेवटचा हात फिरवायला सांगितला.

"आणि आज गायचं नाही हं. बरं दिसत नाही."

"ओठ शिवून घेते, हेर ओस्टरलो. फडकं वाजलं तर तेवढं माफ करा."

बाहेर चपला काढून ती आत आली. माझ्या तळाच्या फळ्या उचलून खाली सरपटणं तिलाच जमायचं, ती तिथं खाली गेली. पाहुणे तासाऐवजी वीस मिनिटांतच दाराशी आले. आत दुसऱ्या टोकाला काम करणारा एत्सिओ घाईनं बाहेर पडला, त्यानं आपला बिल्ला काढून घेतला. ओस्टरलोंनी फळ्याकडे पाहिलं. नऊ खुंट्या, नऊही मोकळ्या. आत डोकावायचं कारणच नव्हतं. दार लागलं, नायट्रोजन सुरू झाला.

तिनं आतून तीनदा ठोकलं. मला ते स्पष्ट जाणवलं. बाहेर तेव्हा टाळ्या चालू होत्या.

माझ्यात धूर ओळखणारं यंत्र होतं, पण धूर नव्हता. नऊ देशांनी मला हजार गोष्टी मोजायला शिकवलं होतं. श्वास मोजायला नव्हतं शिकवलं.

जेवणाच्या सुट्टीत एत्सिओ नाझिफेला शोधत आला. ती रोज त्याला घरून आणलेल्या बोरेकचा, चीज भरलेल्या खारीचा, तुकडा देत असे.

"सिन्योरा कुठायत?"

"फळा बघा," ओस्टरलो म्हणाले. "आत कुणी नाही."

"मग ह्या चपला कुणाच्या?"

दार उघडलं. आत ताजी हवा सोडून त्यांनी तिला बाहेर आणेपर्यंत फार उशीर झाला होता. ओस्टरलो जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "फ्राउ नाझिफे, ऐकताय का तुम्ही?"

चौकशीला नऊ देशांचे नऊ अधिकारी बसले. दांड्यांच्या वाटपाला दोन महिने लागले होते, हा अहवाल चार दिवसांत झाला. "फळ्याचा नियम तंतोतंत पाळला गेला." खाली नऊ सह्या. एवढं सहकार्य मी पुन्हा पाहिलं नाही.

नंतर मी उडाले. माझं कौतुक झालं, टपाल तिकिटावर माझं चित्रही आलं. तीन फेऱ्यांनंतर सगळ्यांना दुसरं काहीतरी सुचलं आणि मला इथं आणून ठेवलं. शेजारी तो फळाही लावला आहे, झेंडे नव्यानं रंगवून.

ओस्टरलो आता दर महिन्याला काठी टेकत येतात. एकदा त्यांनी खिशातून खिळा काढला आणि नवव्या खुंटीशेजारी काठीच्या मुठीनं ठोकला. रखवालदारानं तो उपटला. "आजोबा, मूळ आराखड्यात नाही हा." पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा ठोकला, त्यानं पुन्हा उपटला. आता ते भोक इतकं रुंद झालंय की खिळा टिकत नाही. ओस्टरलो तिथं नुसतं बोट टेकवून उभे राहतात.

मित्रांनो, दार लावण्याआधी फळा बघू नका. आत वाका, हाक मारा. उत्तर आलं नाही, तर कुणी नाही असं समजू नका. तुम्हीच कुणाला गप्प राहायला सांगितलं होतं का, ते आठवा.