आईचा नंबर

कॉलेजचे अर्ज मुदतीत जावेत म्हणून यंदाच रुजू झालेल्या समुपदेशक बाई बारावीच्या पालकांना फोनवर आठवण पाठवत. एका मुलीच्या घरून कधीच उत्तर आले नाही. तिचा अर्ज अर्धा, आणि मुदत आजच संपणार होती. बाईंनी तिला वडिलांसह बोलावून घेतले.

"घरी कुणी निरोप वाचतच नाही का?" त्यांचा आवाज चढला.

"कुठल्या फोनवर पाठवता, मॅडम?" वडिलांनी विचारले.

बाईंनी नंबर वाचून दाखवला. वडिलांची नजर जमिनीवर खिळली.

"तो हिच्या आईचा. ती गेली, त्याला वर्ष होईल. फोन आम्ही चार्ज करतो. उघडवत नाही."

बाई मुलीकडे वळल्या.

"मग मला सांगायचं नाही का गं?"

"तुम्ही म्हणायचात, 'घरी कळवलंय.'" मुलगी अडखळली. "वाटायचं, आईला अजून कुणीतरी माझं सांगतंय."

बाईंनी संगणक तिच्यापुढे सरकवला. उरलेले रकाने ती सावकाश भरत गेली. पालकांच्या नंबरापाशी मात्र तिचे बोट थबकले; तिथे आईचाच नंबर होता.

"माझा घाल," वडील म्हणाले. "तुझ्या मागे लागायचं आईचं खातं आता माझ्याकडे."

"बाबा, तुम्हाला ओरडता तरी येतं का?"

"शिकेन."

तिने आईचा नंबर खोडला, वडिलांचा लिहिला आणि अर्ज पाठवून दिला.