वाघरीबाहेरची फ्लॉपी

माझ्या प्रेसमधी मोठ्यानं बोलायचा हक्क माझा एकटीचा. माझे मालक वारले तवा मशीन विकून टाका म्हणणारे पावणे रांगेनं आले व्हते, त्यास्नी मी चहा पाजून वाटंला लावलं. पत्रिका छापायची तर सारजाकाकूकडंच, असं अजून इंदापुरात म्हनत्यात. तालुक्यातल्या लग्नांचे निम्मे रुसवेफुगवे मांडवात न्हाय, माझ्या टेबलावर हून जायाचे. कुणाच्या आत्याचं नाव ऱ्हायलं, कुणाचा चुलता मामाच्या खाली गेला. मी सगळं ऐकून घ्यायची आन त्येंच्यापेक्षा मोठ्यानं बोलायची.

मेहजबीनपुढं मातुर माझा आवाज आपोआप खाली यायचा.

पोरगी बादशाहभाई मणेरांची. शेळगावापसनं नरसिंहपुरापतोर नवरीचा हिरवा चुडा त्येंच्याच हातचा. पोरीनं एस्टीनं बारामतीला ये-जा करून कॉम्प्युटरचा कोर्स केला, आन बाईमाणसाचं दुकान हाय म्हणून बापानं तिला माझ्याकडं धाडली. पर अट घालूनच. लगीनसराई सरंस्तवर बघायचं. एका जरी घरनं तिच्याबद्दल बोल आला, तर कॉम्प्युटर बंद आन पोरगी घरात. मला राग आला व्हता. पर त्येंचंबी खोटं नव्हतं. ज्या घरात बांगड्या भरायला बसायचं, त्याच घरानं तोंड फिरवलं तर त्यांनी जायाचं कुठं?

नव्व्याण्णव सालचा एप्रिल. त्या साली मे महिन्याच्या मध्यालाच अधिक महिना लागायचा व्हता, म्हणून त्येच्या आधी लग्न उरकायची सगळ्यांची घाई. आन नेमका तवाच आमचा कॉम्प्युटर आडून बसला. दोन वळी टाइप केल्या की जागच्या जागी थिजायचा. मेहजबीननं सगळं पुसून नवी विंडोज घातली. दुपारपतोर पडद्यावर निळं आभाळ आलं. मी हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आन म्हनलं, लाग आता पत्रिकंला. तर ही बया जागची हलंना.

"काकू, घर उभं ऱ्हायलं, पर दाराला कडी कुठं हाय?"

मंग सुरू झालं तिचं. आधी पडद्याचे रंग नीट केले, प्रिंटर वळखीचा केला, मराठी अक्षरं चढवली. हितपतोर मला कळत व्हतं. फुडं तिनं मशीनला असं शिकवलं, की चालू व्हताना कुणाची इसरलेली फ्लॉपी आत असली तरी तिच्याकडं बघायचं न्हाय. व्हायरस पकडायचा प्रोग्राम घातला. माणूस खुर्चीवरनं उठला की पडदा आपला मिटायचा, उघडायचा तर खुणेचा शब्द पायजे. शब्द कोणता ठेवू इचारलं, तर मी आमच्या कुळदैवताचं नाव सांगितलं. ती हसली. म्हनली, काकू, निम्मा इंदापूर तालुका पहिला हाच शब्द हाणून बघंल. मंग तिनं असला काय शब्द ठेवला की पाठ करताना माझी जीभ वळंना. रोजच्या कामाची नक्कल दोन फ्लॉप्यांवर, एक माझ्या कपाटात, दुसरी तिच्या घरी बांगड्यांच्या पेटीत. मी आपली कुरकुरत व्हते, नमनालाच घडाभर तेल म्हणून. पर खरं सांगते, तिचे हात बघत बसावं वाटायचं. घाई न्हाय, धांदल न्हाय, आन एक काम अर्धं ठिवून दुसऱ्याला हात न्हाय.

शेवटाला तिनं नियम सांगितला. भाईरची फ्लॉपी आली तर आधी तपासायची, मंगच उघडायची. मंग ती कुणाचीबी असू दे.

त्याच हप्त्यात शेळगावची मंडळी आली. शेळगाव माझं म्हायेर, माणसं घरातलीच. पूर्वी मेंढरांमागं हिंडणारी, आता ऊसवाली झालेली. नवरी स्वप्नाली, तिची आजी भागूआत्या, आन चुलता शंभूराव. हे शंभूराव माळेगावात ठेकेदारी करायचे, घरात सोताचा कॉम्प्युटर. नावांवरनं तास-दीड तास भांडणं झाल्यावर त्यांनी खिशातनं रुमालात बांधलेली फ्लॉपी काढली. नरसिंहाचं चित्र हाय म्हनले, पत्रिकंच्या माथ्यावर हेच पायजे. भागूआत्यानं बसल्या जागी फ्लॉपीला हात जोडले, मीबी जोडले.

मेहजबीननं फ्लॉपी घेतली आन म्हनली, तपासून उघडती. शंभूरावांचा चेहराच बदलला. देव घेऊन आलोय, चोरीचा माल न्हाय, असं म्हनले. वर आणखी एक बोलले, ते आजबी माझ्या कानात हाय.

"आमचा देव आता तुझ्या हातनं तपासून घ्यायचा व्हय?"

मला वाटलं, पोरी, उघड ती फ्लॉपी तशीच, न्हायतर उद्या तुझा बाप तुला घरात बसवंल. हे मला ठावं व्हतं आन तिला तर माझ्यापेक्षा जास्त ठावं व्हतं. पर न तपासता फ्लॉपी उघडायला ती काय तयार झाली न्हाय.

"काका, देव न्हाय, फ्लॉपी तपासती. माझ्या अब्बांनी आणली असती तरी तपासली असती."

शंभूराव उठायला लागले, तर भागूआत्यानं त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

"शंभू, तुझ्या बापानं खंडोबाच्या नावानं मेंढा आणलेला आठवतुय का? देवाचाच व्हता त्यो. तरीबी आठ दिस वाघरीच्या भाईर बांधला व्हता. देवाचा म्हणून रोग थांबतुय व्हय?"

वाघर म्हंजे रातच्याला मेंढरांभवती उभं करायचं जाळं. बाजारातनं आणलेलं नवं जित्राब आमच्यात कुणी थेट जाळ्याच्या आत घेत न्हाय. ही गोष्ट माझ्या रक्तातली, आन मला सुचली नव्हती.

मेहजबीननं फ्लॉपी तपासायला घातली. मशीन घुरघुरली आन पडद्यावर लाल पट्टी आली. चित्र चांगलं व्हतं, पर त्येच्यासंगं चित्र उघडायचा एक बारका प्रोग्राम व्हता, त्यात व्हायरस. तिनं तेवढं चित्र अलगद भाईर काढून घेतलं आन शंभूरावांना नीट समजावलं. ह्यो व्हायरस तारखेची वाट बघत बसतुय. सव्वीस एप्रिलला उठतुय आन मशीन खातुय. तुमचा घरचा कॉम्प्युटर त्येच्या आधी साफ करून घ्या, म्हनाल तर मीच माळेगावला येती. शंभूरावांनी काय ऐकलं न्हाय. आपल्या घरात रोग हाय असं चारचौघांत ऐकून घ्यायला कुणाला गोड लागतं? फ्लॉपी रुमालात बांधली आन सरळ बादशाहभाईंच्या घरी गेले.

सांजच्याला बादशाहभाई दुकानात आले. खुर्चीवर बसलेसुदिक न्हाय. सोमवारपसनं पोरगी यायची न्हाय, हातातलं काम रविवारपतोर पुरं करंल, एवढंच बोलले. मी लई बोलले, माझी जीभ काय तुमाला ठावं हायच. ते खाली मान घालून ऐकत ऱ्हायले. मेहजबीन रडली न्हाय. रविवारी तिनं सगळ्या कामांच्या नकला पुन्हा एकदा करून दिल्या आन खुणेचा शब्द माझ्याकडनं म्हणून घेतला. जाताना पडद्याची धूळ पुसली. लेकरू असं निघून गेलं आन मी दाराशी उभी ऱ्हाऊन सगळ्या जगाला शिव्या दिल्या.

सोमवार सव्वीस एप्रिल. मी एकटीनं मशीनचं बटण दाबलं. निळं आभाळ आलं. मी देवाच्या आधी मेहजबीनचं नाव घेतलं.

दुपारपतोर फोन सुरू झाले. बारामतीत कुणाकुणाच्या मशिनी सकाळी चालू केल्या त्या मेल्याच. पडदा काळा, आतलं सगळं गेलं. गावोगावचे पत्रिकावाले माझ्याकडं इचारायला लागले, तुमची चालती का? चालती, म्हनलं. माझ्याकडं मेहजबीन व्हती.

मंगळवारी भागूआत्या आन शंभूराव पत्रिकंचा छपाईआधीचा कच्चा कागद तपासून घेऊन आले. शंभूरावांचा आवाज पार बसलेला. त्येंचा कॉम्प्युटर गेला व्हता, धंद्याचं दोन सालचं काम त्यात व्हतं आन नक्कल कुठंच न्हाय. ती पोरगी कुठाय म्हणून इचारलं. मी म्हनलं, तुमच्या तोंडानं घालवली, आता मला कशाला इचारता? भागूआत्यानं कागद माझ्याफुडं सरकवला. सगळी नावं व्हती तशीच, फकस्त व्यवस्थापकांच्या नावांत एक नाव शंभूरावांच्याच हातानं शाईनं लिहिलेलं. कु. मेहजबीन बादशाह मणेर. शंभूराव भिताडाकडं बघत म्हनले, माझ्या नावाच्या वर घ्या.

वर. तुमी पत्रिका छापत न्हाय म्हणून तुमाला कळायचं न्हाय. ह्या तालुक्यात नाव एक वळ वर सरकावं म्हणून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं मी बघितलंय. मी तोंडातनं चकार शब्द न काढता ते नाव टाइप केलं, आन डोळ्याला पदर लावला.

लग्नाच्या आदल्या दिशी बादशाहभाई शेळगावात चुडा भरायला गेले. तिथं कुणीतरी त्यास्नी पत्रिका वाचून दाखवली.

दुसऱ्या दिशी सकाळी दुकान उघडतीय तर पायरीवर बाप आन लेक. मेहजबीन आत गेली, खुर्ची वढली आन माझ्या माघारी कुणाची फ्लॉपी घातली का म्हणून मलाच दरडावलं. बादशाहभाई दारातच. टोपी काढली, पुन्हा घातली.

"सारजाबाई, त्या शेळगावच्या पत्रिका उरल्यात का? असतील तेवढ्या द्या."

मी म्हनलं, अवो, लग्न तर आज दुपारचंच हाय, आन लग्न काय तुमच्या घरचं न्हाय. पत्रिका वाटणार कुणाला?

"आमच्या पावण्यांत," बादशाहभाई म्हनले. "लग्न त्येंचं असंल. नाव आमच्या घरचं हाय."