मोराचा डबा

मोराचा डबा आजही भरलेलाच परत आला. मालतीबाईंना तो हातात घेतल्याबरोबर कळलं. हातच्या काकणाला आरसा कशाला! झाकण न उघडताच त्यांनी तो बाजूला ठेवला.

सुरतेजवळच्या कडोदऱ्यात, कापडाच्या लूम कारखान्यांत एकट्या राहणाऱ्या खानदेशी कारागिरांना त्यांच्या खानावळीतून दोन्ही पाळ्यांचे डबे जात. अक्षरांशी बाईंचं कधी जमलं नाही, म्हणून प्रत्येक डब्यावर रंगाने एक चित्र काढलेलं. कोणाची कात्री, कोणाची सायकल. मोर भटूचा.

वस्तीतल्या नशामुक्ती पथकाचं सगळं काम या डब्यांवर चालायचं. गर्दचं व्यसन आधी माणसाची भूक खातं. ज्याचा डबा चार दिवस भरलेला येई, त्याच्याजवळ बाई आणि डबे पोचवणारा पंडित जाऊन बसत. पंडित स्वतः त्यातून उठलेला होता, त्यामुळे त्याच्यापुढे कोणाची थाप चालत नसे.

बाई गेल्या तेव्हा भटू खोलीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. शिरपूरकडे बायको गरोदर, आणि इथे ही तऱ्हा.

"नाव लिखशात का, मावशी? शेठले समजनं तं आजच काढी टाकी."

"मन्हा योगराजनी आण शे. तुन्हं नाव कोठेच लिखाव नही."

भटू उठून बसला. बाईंचा योगराज दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. मेलेल्या लेकाची शपथ कोणी खोटी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब आले. अशा पथकांना सरकार अनुदान देणार होतं. एक खोली, औषधं, आठवड्यातून दोनदा डॉक्टर. सध्याचे डॉक्टर सुरतेहून आपल्या खर्चाने येत आणि दिवाळीनंतर जमणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. भटूला तर आत्ताच कुठे औषध सुरू झालेलं.

"बेन, नाम वगर ग्रांट ना मळे," साहेब म्हणाले. "नाम, उमर, किस कारखाने में है वो, और अंगूठा."

बाईंनी उठून रिकामे डबे त्यांच्यापुढे मांडले. कात्री, सायकल, मोर. "ये हमारा रजिस्टर है, साहेब."

साहेब हसले, पण कुत्सितपणे नाही. माणूस वाईट नव्हता. "मोर और कैंची को सरकार पैसा नहीं देती, बेन."

"मावशी, पाच-सात नावं दी टाक ना," पंडित कळवळून म्हणाला. "डाक्टर तरी टिकी."

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"एक तो दो," साहेब म्हणाले. "ऊपर क्या दिखाऊँ?"

बाईंनी भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला एक डबा काढला. त्यावर सूर्य होता.

"लिखो. योगराज छगन. उमर बावीस."

पंडितने चमकून वर पाहिलं.

"कावीळ नव्हती रे, पंडित." बाई म्हणाल्या. "त्याना डबा भरेलच येये. माले वाटे, मन्हा हातनं याले गोड लागत नही."

पोराचा डबा महिनाभर तसाच परत येत होता, तेव्हा त्या माउलीने भाजीत तेल वाढवलं, शेवभाजी केली, वांग्याचं भरीत केलं. शेवटी, घरच्या अन्नाला नाकं मुरडतोस काय, म्हणून रागाने दोन दिवस डबाच पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी लोकांनी त्याचा देह हायवेजवळच्या नाल्यातून उचलून आणला. लोक पोराच्या नावाने काय बोलतील, या धाकाने बाईंनी कावीळ सांगितली. मोकळेपणी रडताही आलं नाही, कारण खोट्या दुखण्यावर खरं रडू येत नाही.

साहेबांनी नाव लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. "इसमें... इनका अंगूठा चाहिए."

"उसका कहाँ से लाऊँ, साहेब? मेरा लो."

बाईंनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि लेकाच्या नावापुढे उमटवला.

सरकारी काम, सहा महिने थांब. पण नकाराला तेवढा वेळ लागला नाही. एक नाव, तेही मयत. अर्ज फेटाळला. दिवाळीनंतर डॉक्टर शेवटचे येऊन गेले, महिनाभराच्या गोळ्या देऊन. पंडित चार दिवस बाईंशी बोलला नाही, पाचव्या दिवशी आपणहून डबे उचलायला आला.

पण त्या दिवशी, साहेब गेल्यावर, संध्याकाळी भटू स्वतःच खानावळीत आला होता. पंडितकडून त्याला सगळं कळलं होतं. तो भिंतीला टेकून बसला. बाईंनी ताट वाढलं. ताट पुढे सरकवताना त्यांच्या अंगठ्याची निळी शाई त्याला दिसली.

त्याने चतकोर भाकरी खाल्ली आणि हात थांबवला. अंगाला कंप सुटला होता. "बस, मावशी. जास नही आते."

आणखी तेल घालू का, भाजी बदलू का, बाईंनी काहीच विचारलं नाही. त्या त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "मी आठेच शे, तुन्हा जवळ."

उरलेली भाकरी त्यांनी झाकून ठेवली.