पहिला घास

शिंप्यानं वाफाळती वाटी उचलली, बोटं भाजली तरी थेंब न सांडता जिभल्यासमोर ठेवली.

“हं, होऊ दे तुझं. पोटात कावळे कोकलायला लागलेत.”

शिंपी, वायरमन आणि जिभल्या शाळेपासूनचे दोस्त. वर्षातून एकदा शनिवार-रविवार साधून घरादाराला टांग मारायची, नवं गाव गाठायचं आणि तिथं जे नावाजलेलं असेल ते पोट फुटेस्तोवर खायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. नियमही एकच. पहिला घास जिभल्याचा. त्यानं डोळे मिटून निकाल द्यायचा, मगच बाकीच्यांनी चमचा उचलायचा. एरवी हा बिचारा विनोद सांगताना शेवट विसरायचा, गाणं म्हणायला लागला की लोक उठून जायचे. पण ताटापुढे त्याच्या शब्दाला वजन होतं.

यंदा तळ्याकाठची खानावळ होती आणि तिथला माशाचा रस्सा.

हिवाळ्यातल्या तापात जिभल्याची चव गेली ती गेलीच. बायको वारल्यापासून तो एकटा. आता तर गॅसपाशी उभ्याउभ्याच भात गिळायचा, बसून खावं असं त्यात काही उरलं नव्हतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. चवच नाही म्हटल्यावर या दोघांना आपला काय उपयोग, या भीतीनं त्याला पोखरलं होतं.

त्यानं डोळे मिटले. तोंडात काहीतरी गरम आणि पातळ आलं, बाकी काही नाही.

“फक्कड,” तो म्हणाला. “मीठसुद्धा अगदी बेतानं.”

शिंप्यानं घास घेतला, क्षणभर थांबला आणि मान खाली घालून खात राहिला. एरवी जिभल्याच्या निकालावर हुज्जत घातल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. वायरमननं तर वाटी निपटून काढली.

तेवढ्यात खानावळवाल्या मावशी पदराला हात पुसत लगबगीनं आल्या.

“अहो, थांबा! मीठच पडलं नाही रश्श्यात. त्या टेबलावरच्यांनी तोंडं वाकडी केली तेव्हा कळलं. तुम्ही कसं हो खाल्लंत?”

जिभल्याच्या हातातला चमचा तसाच राहिला.

“आम्हाला अळणीच लागतं, मावशी,” वायरमन म्हणाला. “डॉक्टरनं सांगितलंय.”

“तिघांनाही,” शिंपी म्हणाला.

दोघांपैकी कुणीही जिभल्याकडे बघितलं नाही. गेल्या महिन्यात शिंप्याच्या घरी करपलेलं दूध त्यानं वाखाणून पुन्हा मागून घेतलं होतं आणि शिंप्याच्या बायकोनं नवऱ्याकडे बघितलं होतं, ते त्याला आता आठवलं. म्हणजे तेव्हापासून यांना ठाऊक होतं. त्याला एकदम फार एकटं वाटलं, आणि लाजही वाटली.

मावशींनी नव्या वाट्या आणल्या. शिंप्यानं पहिली उचलून पुन्हा त्याच्यापुढे ठेवली.

“हं, होऊ दे तुझं.”

जिभल्यानं वाटीकडे बघितलं. मग ती हळूच शिंप्याकडे सरकवली.

“तू खा. आणि मला सांग कसं लागतंय.”

शिंपी गडबडला. त्यानं घास घेतला, शर्टाचं माप घेताना मिटतो तसा एक डोळा मिटला.

“म्हणजे... आंबट आहे जरा. मग तिखट येतं, मागून. आणि... माशासारखं लागतंय, बाबा. मला कुठं येतं हे सगळं!”

“येतंय की,” जिभल्या म्हणाला आणि त्यानं चमचा उचलला. “अजून सांग.”