बाजूची सीट

गोदाबाईंनी पाय गाडीत ठेवला आणि लगेच उचलून घेतला.

"देवानंदभाऊ, इथं पानी हाये ना."

देवानंदनं वाकून पाहिलं. बाजूच्या सीटपुढची चटई नुसती ओली नव्हती, बुडालेली होती. गोदाबाईंचं पाऊल चपलेसकट भिजलं होतं.

"पावसाचं असन," तो म्हणाला. "तुमी मागं बसा, वहिनी."

गोदाबाई शेजारच्या. दीड महिन्यापूर्वी त्यांचे यजमान सूर्यभान गेले होते. आज त्यांच्या मुलाला, गोपालला, सुट्टी मिळाली नाही, म्हणून गुडघ्याच्या डॉक्टरकडे आईला न्यायला त्यानं देवानंदला सांगितलं होतं. जाता-येता देवानंदचं लक्ष सारखं डावीकडच्या रिकाम्या सीटकडे जात होतं. हे पाणी कधीपासून येत असेल, ते त्याला सांगता येत नव्हतं.

त्या सीटवर चार वर्षांत कोणी बसलं नव्हतं. बायको, मैना, मोर्शीला भावाकडे गेली ती गेलीच. भांडण असं काही झालं नव्हतं. दिवाळी करून येते म्हणाली होती. रविवारी तिचा फोन येई, दोघं एकमेकांच्या तब्येती विचारत, आणि मग दोघांपैकी कोणीतरी ठेवू का म्हणे. देवानंद स्वतःच्या बाजूनं गाडीत चढायचा, स्वतःच्या बाजूनं उतरायचा. भाजीची पिशवीसुद्धा मागच्या सीटवर ठेवायचा.

घरी आल्यावर त्यानं चटई काढली. खालचं तागाचं अस्तर काळं पडलं होतं आणि पत्र्यावर गंजाचे तांबूस डाग होते. त्यानं अस्तर उन्हात टाकलं, पत्रा पुसून दोन दिवस चारही दारं उघडी ठेवली. तीस वर्षं तो शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होता. घाई करून काही सापडत नाही हे त्याला माहीत होतं. पत्रा वाळल्यावर त्यानं खडू कुटून त्याची पांढरी भुकटी सगळीकडे पसरली. पाण्याचा थेंब ज्या वाटेनं येईल, ती वाट त्यात उमटली असती.

मग बाहेर येऊन त्यानं काचेवर तांब्यानं पाणी ओतलं आणि पळत आत जाऊन पाहिलं. तोवर सगळ्या भुकटीचा भिजून लगदा झाला होता. पुसून, वाळवून त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. एकानं बाहेर ओतायला हवं होतं आणि एकानं आत बसायला.

तांब्या हातात घेऊन तो बराच वेळ फाटकात उभा राहिला. गोपालच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता, कुकरची शिट्टी झाली, त्याची लेकरं, पियुष आणि खुशी, कशावरून तरी भांडत होती. गोदाबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, दहा मिनिटं गाडीत बसता का?"

त्यांनी वर पाहिलं. "कुठं जायचं हाये?"

"कुठीच नाई. मी वरून पानी टाकतो. ते आत कुठून येते, तेवढं पाहा."

गोदाबाईंनी मेथी सुनेकडे दिली आणि आल्या. सीटवर त्या अंग चोरून बसल्या. देवानंदनं त्यांच्या हातात टॉर्च दिला, काचा वर केल्या, दार लावलं. आधी दारावर पाणी ओतलं. आतून काही नाही. मग समोरच्या काचेच्या कडेनं. काही नाही. मग काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या जाळीवर. आतून काचेवर टकटक झाली.

"इथून येऊन राह्यलं," त्या दार उघडून म्हणाल्या. "ह्या समोरच्या खणाच्या मागून."

त्यांना आपला उपयोग झाल्याचं बरं वाटलेलं दिसलं.

देवानंदनं बोनेट उघडलं, वायपर सोडवले, जाळी उचलली. खाली कडुनिंबाचा पाला आणि लिंबोळ्या कुजून खतासारख्या बसल्या होत्या. गाडी वर्षानुवर्षं त्याच झाडाखाली उभी असे. पाणी बाहेर जाण्याचं भोक बुजलं होतं, म्हणून ते साचून आत उतरत होतं. त्यानं ओंजळीनं पाला काढला, भोकातून तार फिरवली. पुढच्या चाकामागून काळं पाणी भसकन जमिनीवर आलं.

जाळी परत बसवून त्यानं ड्रममधून बादली भरली.

"वहिनी, आता पाहा."

गोदाबाईंनी दार ओढून घेतलं. त्यानं ओतलं.

"येते का?"

त्यानं पुन्हा विचारलं, मग बाजूच्या काचेशी गेला. ओघळत्या पाण्यातून आतलं धूसर दिसत होतं. टॉर्च मांडीवर पडला होता. गोदाबाईंनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

देवानंद दोन पावलं मागं सरला. मग त्यानं बादली भरली आणि गाडीच्या टपावर ओतली, जिथं ओतायची काही गरज नव्हती. पाणी चारी काचांवरून खाली आलं. त्यानं आणखी एक भरली. नळ चौथ्या दिवशी येत असे आणि आज दुसराच दिवस होता. ड्रमच्या तळाला तांब्या खरवडू लागला तेव्हा दार उघडलं.

गोदाबाईंनी चेहरा पुसला होता.

"थांबलं पानी," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"लय वेळ झाला."

त्यानं रिकामी बादली पालथी घातली. गोदाबाईंनी टॉर्च त्याच्या हाती दिला.

"घरात सारे असतात, भाऊ. रातीबी लेकरं दोन्ही बाजूनं झोपतात." मग घराकडे पाहत म्हणाल्या, "माया लावतात लय. मी रडली का तेबी रडतात."

देवानंदनं मान हलवली. त्या गेल्यावर आपल्या घरातल्या तिन्ही रिकाम्या खोल्या एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आल्या.

संध्याकाळी तो गाडी लॉक करायला आला. आपल्या बाजूचं दार त्यानं लॉक केलं. वळसा घालून डावीकडे आला, काच दोन बोटं खाली केली, दार नुसतं लोटलं आणि घरात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरलेलं होतं. जठारपेठेत चक्कीवर दळण टाकायचं होतं. गव्हाचा डबा आणि चावी घेऊन देवानंद ओसरीत आला, तेवढ्यात गाडीचं दार हलकेच लागल्याचा आवाज आला. तो खांबाआड थांबला. बाजूच्या सीटवर पदर घेतलेलं एक डोकं दिसत होतं, जरा पुढं झुकलेलं.

त्यानं चावी खिशात टाकली. डबा खांद्यावर घेतला, घरातून मागच्या दारी आला आणि दार अलगद ओढून लांबच्या बोळानं पायी निघाला.