निवडलेली भाजी

ताट भिंतीवर आपटलं आणि कोबीची भाजी घड्याळाच्या काचेवरून ओघळू लागली. बायको वेळेवर बाजूला झाली होती. डावखुऱ्या वेल्डर नवऱ्याचा उजव्या हाताचा नेम कच्चाच. जन्मभर मारायला वापरलेला डावा हात आता डायलिसिसच्या सुयांसाठी राखून ठेवलेला, जपायचा.

"रोज मेला कोबी! मी काय ससा आहे?"

"ससा गरीब असतो," ती म्हणाली.

पुढचा पेला मात्र नेमका तिच्या भुवईवर बसला.

फडक्याने रक्त दाबून धरत ती ओट्याशी गेली. बटाट्याच्या बारीक फोडी सकाळपासून पाण्यात होत्या. ते पाणी ओतायचं, नव्या पाण्यात फोडी उकळायच्या, तेही पाणी ओतायचं, मग कुठे त्याच्या वाट्याला चार. टोमॅटो नाही, पालक नाही. नर्सने तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "किडन्या गेल्यात. या भाज्यांतलं पोटॅशियम अंगातच साठतं. फार साठलं की हृदय न विचारता थांबतं." तेव्हापासून दोन वर्षं ती बाजारात भाज्या निवडत होती आणि घरी येऊन मार खात होती.

"आई, देऊन टाक त्यांना हवं ते," लेक फोनवर म्हणाली. "सुटशील."

दुसऱ्या दिवशी तिने दिलं. पालक, टोमॅटोचा दाट रस्सा, त्यात पाणी न दाखवलेले बटाटे. ताट मांडून ती समोर बसली. भुवईवर दोन टाके होते.

"आली का अक्कल ठिकाणावर?" हसून त्याने घास उचलला.

एरवी ती मनगट धरायची, ओरडायची, ताट ओढायची. तिथूनच तर सगळं सुरू व्हायचं. आज तिचे हात मांडीवर होते.

घास तोंडाशी थांबला.

"काय घातलंयस यात?"

"तुम्ही मागितलंत तेच."

"मग अशी काय बघतेस?"

"कशी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग घास परत ठेवताना त्याची बोटं रश्श्यात बुडाली.

"कोबी... नाही केलास आज?"

ती उठली. ओट्यावर कोबी झाकून ठेवलेला होता, अजून गरम. झाकणावर हात ठेवून ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

"ताट इकडे आणा," शेवटी ती म्हणाली.

तो उठला. उजव्या हातात ताट धरून, थेंबही सांडू न देता, हळूहळू ओट्याकडे निघाला.