खेकड्यांना विरजण

धुरांड्याचा धूर आधी पाण्यातून जातो, मग आभाळात. त्या पाण्यात एक पावडर असते. ती लोखंडाला खेकड्यासारखी नांगीत धरून ठेवते आणि ते लोखंड धुरातलं विष पकडतं. काही महिन्यांत पाणी दमतं, तपकिरी होतं. मग टँकर येतो आणि ते नेऊन भट्टीत जाळतात. खेकड्यांसकट.

प्रयोगशाळेतल्या तिला ते खेकडे, म्हणजे ती पावडर, परत हवे होते. म्हणून कारखान्यात तिचं नाव पडलं खेकडेबाई.

"आपल्या खात्यात आहेत तेवढे पुरेत की," फिटर म्हणायचा. "एक वर चढला की बाकीचे पाय ओढतात."

कागदावर सगळं सोपं. आम्ल घाला, खेकडा नांगीतलं लोखंड सोडेल, पांढरा होऊन तळाला बसेल. सकाळी तिने बरणीभर दमलेल्या पाण्यात आम्ल घातलं. दुपार कलली. बरणीच्या तळाला

काही नाही.

साहेब दारात उभे. "टँकर निघालाय. तो यायच्या आत काही दिसलं नाही, तर टाकी रिकामी आणि प्रयोग बंद. तुझ्या उत्साहावर विरजण घालायचं नाही मला, पण..."

"काय म्हणालात?"

"प्रयोग बंद म्हणालो."

"त्याच्या पुढचं."

"विरजण?"

ती केव्हाच उठली होती. दूध आपलं आपण थोडंच विरजतं? आधी दही झालेल्या कुणीतरी आत उतरून वाट दाखवावी लागते. फळीवर त्याच पावडरीची, पण शुद्ध, न वापरलेली, एक बाटली होती. तिने चिमूटभर बरणीत सोडली.

"आता?"

"आता हलवायचं नाही. टेबलाला टेकूही नका, साहेब."

इथे गोष्टही हलत नाही.

.

फिटर डोकावला. "कुणी गेलं का?"

"गप."

.

एक कण चमकला. त्याच्याखाली

दुसरा,

मग मोजता येईनात इतके,

आणि तळाला

पांढरं.

तिने ते गाळलं, धुतलं, सोड्याने आम्ल मारून साध्या पाण्यात विरघळवलं, वर लोखंडाचा क्षार टाकला. एरवी मोकळ्या लोखंडाचा गंज होऊन गाळ बसला असता. बसला नाही. नांगी शाबूत होती.

साहेबांनी फाटकावर फोन लावला. "टँकर आत सोडू नकोस. आलाच आहे तर ड्रायव्हरला चहा पाज."

"बाई," फिटर म्हणाला, "अख्ख्या टाकीला विरजण कुठून आणणार?"

तिने गाळणीवरचं पांढरं चमच्याने एका वाटीत काढलं. वर झाकण ठेवलं.

"आजचं थोडं राखून ठेवायचं असतं."